शेळीची उडी आणि खुर्चीचा पाय : ‘कॅब्रिओल’ म्हणजे नेमकं काय?

माझी भाची मुंबईत बॅले शिकते. मागच्या महिन्यात क्लासवरून आली आणि पाठीवरची पिशवीही न उतरवता म्हणाली, “मामा, आज पहिल्यांदा कॅब्रिओल केली. दोनदा पडले.” त्याच आठवड्यात ताईला जेवणाच्या टेबलासाठी खुर्च्या घ्यायच्या होत्या. मोबाईलवर एक खुर्ची तिच्या मनात भरली. फोटोखाली लिहिलं होतं, ‘कॅब्रिओल लेग, शिसवी रंग’. भाचीनं ते वाचलं आणि फोन हातात घेऊन माझ्याकडे आली. “हे नाव खुर्चीला कसं काय? खुर्ची तर जागची हलतसुद्धा नाही!”

प्रश्न रास्त होता. शब्दकोशात पाहिलं तर एका ओळीत बॅलेमधली उडी, दुसऱ्या ओळीत फर्निचरचा वळणदार पाय. दोन्हींचा संबंध काय, हे मात्र कोश सांगत नाही. तो संबंध एका चार पायांच्या जनावराकडून येतो.

आधी करडाकडे पाहू

आठ-दहा दिवसांचं करडू ज्यानं पाहिलंय त्याला फार सांगावं लागणार नाही. आईजवळ शांत उभं असतं, आणि कुठलंही कारण नसताना एकदम चारही पाय जमिनीवरून सुटतात. अंग हवेत तिरकं होतं, मागचे पाय झटक्यात फेकले जातात आणि ते दुसऱ्याच जागी उतरतं. आपण म्हणतो करडं हुंदडतात, बागडतात. इटालियन भाषेत या उडीला स्वतंत्र नाव आहे, ‘काप्रिओला’.

लॅटिनमध्ये बोकडाला ‘कापेर’ म्हणत. त्यावरून ‘काप्रेओलुस’ हा शब्द झाला. युरोपातल्या रानात ‘रो’ नावाचं एक लहानखुरं हरीण असतं, त्याचं हे नाव. आजही त्या हरणाचं शास्त्रीय नाव तेच आहे. इटालियनमध्ये या हरणाला ‘काप्रिओलो’ म्हणतात आणि त्याच्यासारख्या उडीला ‘काप्रिओला’. फ्रेंचांनी हा शब्द उचलला तो आधी ‘काप्रिओल’ असा. फ्रेंचमध्ये करडाला ‘काब्री’ म्हणतात. त्या ओळखीच्या शब्दाच्या ओढीनं ‘प’ चा ‘ब’ झाला आणि ‘काब्रिओल’ तयार झाला. इंग्रजीतून आपल्यापर्यंत येईतो त्याचा उच्चार ‘कॅब्रिओल’ झाला.

म्हणजे शब्दाच्या पोटात शेळी आणि हरीण दोघंही आहेत. पण नाव पडलंय ते जनावराला नव्हे, त्याच्या उसळीला.

नाचातली कॅब्रिओल

बॅलेमध्ये काही उड्या अशा असतात की हवेत असतानाच एक पाय दुसऱ्यावर आपटायचा. कॅब्रिओल त्यांपैकी एक. एक पाय सरळ ताणून पुढे, मागे किंवा बाजूला वर फेकायचा. लगेच ज्या पायावर उभे आहात त्यानं जमीन सोडायची. हा खालचा पाय वर झेपावतो, हवेत थांबलेल्या वरच्या पायाला खालून धडकतो आणि त्याला आणखी थोडा वर ढकलतो. मग खालचा पाय परत खाली येतो आणि नर्तक त्याच्यावरच उतरतो. एका उडीत दोनदा धडक दिली तर ती दुहेरी कॅब्रिओल.

भाचीनं मला हे चटईवर आडवं पडून दाखवलं, कारण हवेत ते डोळ्याला धरतच नाही. धडक टाचांची नसते, पोटऱ्यांची असते. गुडघे दोन्ही ताठ, पावलं टोकापर्यंत ताणलेली. शिकणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे वरचा पाय खालच्याला भेटायला खाली येतो. तसं झालं की उडी मेली. वरच्या पायानं आपली जागा सोडायची नाही, कष्ट सगळे खालच्यानं घ्यायचे. “टीचर म्हणतात, वरचा पाय खुंटीला टांगलाय असं समज,” ती म्हणाली. ती दोनदा का पडली तेही मला तेव्हा कळलं. सगळं लक्ष धडकेवर राहिलं आणि ज्या पायावर उतरायचं तो वेळेत खाली आलाच नाही.

ही उडी रंगमंचावर पाहायची असेल तर ‘जिझेल’ या बॅलेचा दुसरा अंक पाहावा. १८४१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर झालेला हा बॅले आजही जगभर होतो. प्रेमात दगा मिळून मेलेल्या मुलींची भुतं रात्री जंगलात पुरुषांना धरतात आणि प्राण जाईपर्यंत नाचवतात. त्यांच्या तावडीत सापडलेला नायक आल्ब्रेख्त दुहेरी कॅब्रिओल घेत तिरक्या रेषेत पुढे येतो. करडाची उडी मौजेची असते. इथे तीच उडी मरणाच्या दारातल्या माणसाला मारावी लागते, आणि ती सहज वाटली पाहिजे. मला बॅलेतली ही जागा फार हलवून जाते.

हवेत पाय आपटल्यानं माणूस आणखी वर जातो का?

पाहताना तसंच वाटतं, पण नाही. जमीन सुटली की शरीराचा मार्ग ठरून गेलेला असतो, फेकलेल्या चेंडूसारखा. हवेत रेटायला काही नसतं, त्यामुळे पोटऱ्या कितीही आपटल्या तरी उंची वाढत नाही. वर ढकलला जातो तो फक्त एक पाय.

मग नर्तक हवेत थांबल्यासारखा का दिसतो? हिशेब सोपा आहे. एक फूट उंच उडी मारली तर पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. दोन फूट मारली तरी पाऊण सेकंद भरत नाही. पण हा वेळ सारखा वाटलेला नसतो. वर जाताना वेग कमी कमी होत जातो, त्यामुळे हवेतल्या एकूण वेळेपैकी निम्मा वेळ उडीच्या अगदी वरच्या पाव भागातच जातो. कसलेला नर्तक धडक नेमकी तिथे देतो. आपल्या डोळ्यांना तेवढ्या वेळात एकाऐवजी दोन घटना दिसतात, आणि वाटतं की याच्याजवळ वेळ जास्त आहे.

बॅलेतले शब्द फ्रेंचच का?

नाच इटलीच्या दरबारांतून फ्रान्समध्ये आला, पण त्याचं व्याकरण फ्रान्समध्ये लिहिलं गेलं. १५८९ साली त्वानो आर्बो या टोपणनावानं एका फ्रेंच पाद्र्यानं नाचाचं पुस्तक छापलं, त्यात ही उडी आहे. पुढे राजा चौदावा लुई स्वतःच नर्तक होता. त्यानं १६६१ मध्ये नृत्याची राजेशाही अकादमी काढली. त्याच्या पदरी असलेल्या प्येर बोशां यानं पायांच्या पाच मूळ स्थिती पक्क्या केल्या, असं मानलं जातं. आज मुंबईपासून मॉस्कोपर्यंत कुठल्याही क्लासमध्ये शिक्षक त्याच फ्रेंच नावांनी हाक देतात. तबल्याचे बोल जसे कुठल्याही प्रांतात ‘धा’ आणि ‘तिरकिट’च राहतात, तसंच हे.

खुर्चीत ही उडी कशी शिरली?

आता ताईच्या खुर्चीकडे. कॅब्रिओल पाय म्हणजे दोन वळणांचा पाय. बैठकीपासून निघाला की आधी बाहेर फुगतो, मग आत वळत निमुळता होतो आणि जमिनीजवळ पुन्हा जरा बाहेर येऊन पाऊल टेकतो. सुतार यातल्या वरच्या फुगवट्याला गुडघा म्हणतात आणि खालच्या निमुळत्या भागाला घोटा.

शेळीचा मागचा पाय बाजूनं पाहा. पोटाजवळ गुडघा पुढे आलेला, मग पाय मागे जातो, तिथं एक कोपरा, आणि तिथून पुढे खुराकडे. तो मागचा कोपरा आपल्याला उलटा गुडघा वाटतो, पण ती खरं तर तिची टाच आहे. शेळी जन्मभर चवड्यांच्याही पुढे, नखांवर उभी असते. उडीचा सगळा जोर याच मागच्या पायांत दडलेला असतो. खुर्चीच्या पायानं नेमका हा दुमडलेला, कुठल्याही क्षणी सुटेल असा आकार घेतला.

जनावराचे पाय फर्निचरला लावणं जुनंच आहे. इजिप्तच्या तुतनखामुनच्या सिंहासनाला सिंहाचे पाय आहेत. चीनमध्येही बसक्या मेजांना वळणदार पाय करायची रीत होती, आणि सतराव्या शतकात चिनी वस्तू युरोपात येऊ लागल्यावर तिथल्या कारागिरांनी त्या बारकाईनं पाहिल्या. फ्रान्समध्ये अशा पायाला ‘प्ये द बीश’, म्हणजे हरिणीचं पाऊल, असं नाव होतं आणि सुरुवातीला त्याच्या टोकाला खरोखर दुभंगलेला खूर कोरत. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात, १७०२ ते १७१४ दरम्यान, हा पाय घराघरांत नसला तरी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत रुळला. पुढे त्याच्या टोकाला पंज्यात धरलेला गोळा आला. तो चिनी ड्रॅगनच्या पंज्यातल्या मोत्यावरून घेतला, असं बहुतेक जाणकार मानतात. १७५४ साली थॉमस चिपेंडेल या इंग्रज कारागिरानं फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं, तोवर हा पाय चांगलाच मुरला होता.

मग युरोपात प्राचीन ग्रीस-रोमचं वेड आलं, पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहराचं उत्खनन तर आधीच सुरू झालं होतं, आणि अठराव्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत सरळ, खांबासारखे पाय परत आले.

म्हणजे खुर्चीनं हे नाव बॅलेकडून घेतलं?

भाचीची हीच समजूत झाली होती, आणि इंटरनेटवरही तसं सर्रास लिहिलेलं असतं. पण ते इतकं सरळ नाही. हा पाय ज्या काळात जोरात होता त्या काळात इंग्रज सुतार त्याला कॅब्रिओल म्हणतच नव्हते. त्यांच्या बोलण्यात तो ‘बँडी लेग’, म्हणजे फेंगडा पाय, किंवा नुसता वाकडा पाय होता. १७८८ च्या, हेपलव्हाइट या इंग्रज कारागिराच्या नमुना-पुस्तकात ‘कॅब्रिओल खुर्ची’ आहे, पण तिथे अर्थ आहे गादी भरलेल्या पाठीची खुर्ची. फ्रेंचमध्येही ‘आँ काब्रिओले’ म्हणजे पाठ आतून गोलावलेली आरामखुर्ची. पायाला हे नाव चिकटलं ते नंतर, एकोणिसाव्या शतकात, जेव्हा जुनं फर्निचर गोळा करणारे आणि त्यावर लिहिणारे लोक प्रत्येक घाटाला नाव देऊ लागले.

तेव्हा उडी आणि पाय ही मायलेकरं नव्हेत, एकाच आजीची नातवंडं आहेत. बॅलेनं करडाची हालचाल घेतली. पायाला नाव देणाऱ्यांना त्यात करडाचा आकार दिसला. मला यात सर्वांत सुंदर वाटतं ते असं की दोघंही उलट्या दिशेनं झटतात. नर्तक हलत असतो आणि क्षणभर थांबल्याचा भास देतो. खुर्ची थांबलेली असते आणि आता हलेल असं वाटायला लावते.

एवढा वाकडा पाय मोडत नाही का?

मोडतो. चुकीचा कापला तर नक्की मोडतो, आणि जवळजवळ नेहमी घोट्यातच.

लाकूड म्हणजे उसाची घट्ट बांधलेली मोळी समजा. रेषे खालपासून वरपर्यंत जातात. मोळी उभी ठेवून वर बसलात तर ती भार घेते. पण त्याच मोळीतून वाकडा आकार कापून काढला तर काही ऊस मधेच तुटतात. वळण जितकं जास्त तितके पायाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाणारे रेषे कमी. घोट्यापाशी पाय आधीच बारीक, त्यात रेषे आडवे बाहेर पडू लागले तर तिथं लाकडाला धरून ठेवणारं काही उरत नाही. खुर्ची मागे रेलून दोन पायांवर झुलवली की तिथंच कट्‌ असा आवाज येतो.

म्हणून चांगला कारागीर वळण दिसायला मोठं आणि असायला लहान ठेवतो. पायाच्या वरच्या टोकाच्या मध्यातून ओळंबा सोडला तर तो पावलावर पडला पाहिजे, आणि जमलं तर वाटेत लाकडाच्या बाहेर जाता कामा नये. भार सरळ खाली उतरतो, वळण केवळ त्या सरळ रेषेभोवती लपेटलेलं असतं. सुरुवातीच्या खुर्च्यांत पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असत. कारागिरांचा हात बसत गेला तशा त्या पुष्कळ खुर्च्यांतून गेल्या. १७२० नंतर इंग्लंडमध्ये अक्रोडाची जागा हळूहळू महोगनीनं घेतली. लाकूड दणकट असल्यानं पाय आणखी नाजूक करता आले आणि गुडघ्यावर कोरीवकामही खोल करता आलं.

हा पाय कापताना पाहणं हा एक अनुभव आहे. चौकोनी ठोकळ्याच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंवर एकच साचा ठेवून पेन्सिलीनं वळण आखतात. एक बाजू करवतीवर कापली की निघालेले तुकडे फेकून देत नाहीत, चिकटपट्टीनं पुन्हा जागच्या जागी लावतात, कारण दुसऱ्या बाजूची आखणी त्यांच्यावरच असते. ठोकळा पुन्हा चौकोनी दिसतो. मग तो वळवून दुसरी बाजू कापायची आणि सगळ्या पट्ट्या काढायच्या. तुकडे गळून पडतात आणि हातात एकदम पाय उरतो, चारही बाजूंनी वळलेला. पुढचं काम कानशीचं आणि हाताच्या तळव्याचं, कारण कुठं उंचवटा राहिलाय हे डोळ्याआधी तळव्याला कळतं.

याच घराण्यातले आणखी काही

मोबाईलवरून आपण ‘कॅब’ बोलावतो, तीही याच कुळातली. फ्रान्समध्ये दोन चाकांची हलकी घोडागाडी होती. ती रस्त्यावर उसळत चाले म्हणून तिला ‘काब्रिओले’ म्हणू लागले. १८२० च्या दशकात ती लंडनमध्ये भाड्यानं धावू लागली आणि लोकांनी नाव तोडून ‘कॅब’ केलं. पुढे भाडं मोजणारा टॅक्सीमीटर बसला, तेव्हा ‘टॅक्सीकॅब’ झाली. मुंबईच्या काळी-पिवळीला आपण पुढचा अर्धा भाग ठेवला, हल्ली मागचा ठेवतो.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेतले पांढरे घोडे ‘काप्रिओल’ करतात. चारही पाय हवेत असताना मागचे दोन सपकन मागे झाडायचे. करडाच्या मूळ उडीच्या सगळ्यांत जवळची हीच. हवालदाराच्या बाहीवरच्या तीन कोनाकृती फितींना ‘शेव्हरॉन’ म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ छपराचा वासा, आणि तो शब्दही लॅटिन बोकडावरूनच आलाय. आपण ज्या राशीला मकर म्हणतो तिचं लॅटिन नाव ‘काप्रिकॉर्नुस’, म्हणजे बोकडाच्या शिंगांचा.

आपल्याकडे असं काही होतं का?

उडीच्या बाबतीत तर उत्तर थक्क करणारं आहे. नाट्यशास्त्रात पायांच्या हालचालींना ‘चारी’ म्हणतात. त्या बत्तीस आहेत, सोळा जमिनीवरच्या आणि सोळा आकाशिकी. या आकाशिकींमधली एक आहे ‘हरिणप्लुता’, हरणाची झेप. आधी पाय पुढे टाकायचा, उसळी घेऊन खाली यायचं आणि दुसऱ्या पायाची पोटरी मागे फेकायची. हिचा आणि कॅब्रिओलचा वंश एक नाही, कुणी कुणाकडून घेतलेलंही नाही. दोन ठिकाणच्या नाचणाऱ्यांनी जनावर पाहिलं आणि उडीला त्याचंच नाव दिलं, एवढंच.

पायाच्या बाबतीत मराठीनं तर नावातच सगळं सांगून टाकलंय. खाटेच्या, पलंगाच्या पायांना आपल्याकडे ‘खूर’ म्हणतात. माझी आजी पलंगाखाली केर काढताना म्हणायची, “खुराला लागेल, जपून.” मला लहानपणी ते जनावराचंच वाटायचं.

वळणाचा खरा कॅब्रिओल पाय आपल्याकडे पाहायचा तर गोव्यात. पोर्तुगालमध्ये राजा पाचव्या जुआंवच्या काळात, १७०६ ते १७५० दरम्यान, असे पाय आणि गोळा धरलेले पंजे लोकप्रिय होते. गोव्यातल्या जुन्या घरांमधल्या शिसवी खुर्च्यांत ते वळण आजही भेटतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईतही युरोपीय घाटाचं कोरीव शिसवी सामान भरपूर बनलं. त्यातलं काही अजून चोरबाजारात मटण स्ट्रीटवर विकायला येतं.

गेल्या शनिवारी ताई, भाची आणि मी तिथंच गेलो. फोनवरची खुर्ची ताईनं अजून मागवली नव्हती. एका दुकानात तसाच पाय असलेली शिसवी खुर्ची होती, गुडघ्यावर पान कोरलेलं. दुकानदार म्हाताऱ्या चाचांनी न सांगताच ती उलटी केली आणि चारही पाय आमच्यासमोर आकाशाकडे धरले. “वरून सगळ्याच चांगल्या दिसतात,” ते म्हणाले. भाचीनं पुढचे दोन पाय घोट्यापाशी चिमटीत धरून पाहिले. एकात रेषे घोट्यातून सरळ पावलापर्यंत गेले होते. दुसऱ्यात ते मधेच तिरके होऊन बाहेर पडत होते आणि तिथं पॉलिशखाली केसाएवढी चीर होती, जुना सरस दिसत होता. तिनं अंगठा त्या चिरेवर ठेवला आणि आईकडे पाहिलं.

“हा उतरतानाचा पाय आहे, आई. हाच धरायला हवा होता.”